पुण्याला जायचा टीव्ही

"काचेला हात लावू नका अक्का, बोटं उठत्यात."

गुरप्पा माझ्याशी पयल्यांदा बोलला ते हे. दुसऱ्या पोरींना कायतरी गोड ऐकाय मिळत आसंल, मला हे मिळालं. मी उन्हातनं चालत आलेली, चपलीचा अंगठा तुटलेला, डोसकं तापलेलं... आन् नवी पेठेतल्या त्या रेडिओच्या दुकानात हा पंख्याखाली उभा ऱ्हाऊन मला सांगतोय हात लावू नका.

"मी कुणाची अक्का न्हाय," मी म्हणलं. आन् सगळा पंजा काचेवर ठेवला.

त्यानं पंजाकडं बघितलं, मग माझ्याकडं. चिडायला पायजे हुता की. पण खिशातनं पिवळं फडकं काढलं आन् म्हणला, "ठेवा ठेवा. दुसराबी ठेवा. पुसायलाच ठेवलंय मला हितं."

माझ्या मागं आण्णा हुते, म्हंजे माझा बाप. गिरणीत जॉबर. माग कुठलाबी आसू द्या, नुसत्या आवाजावरनं ह्येंना कळतं काय बिघडलंय. पण टीव्हीला आण्णा भ्यायचे. त्यातलं काय म्हाईत न्हाय आन् दुकानदार फसवणार ह्याची पक्की खात्री. म्हणून मला संगं आणलेली. दुकानाच्या मालकाला, तिप्पण्णा शेठला, त्येंनी आल्या आल्याच सांगितलं, "आमच्या गोजरीची नजर लई बारीक हाय. चादरीतला तुटका धागा हिला लांबनं दिसतो. ती सगळं समजून घील, मग आमी घिऊ."

टीव्ही कशाला? तर माझ्या लग्नाला. माढ्याच्या आबासाहेबांचा पोरगा जोतीराम तिकडं पिंपरीला कंपनीत हुता. आबासाहेबांनी आमच्यातच चहा पिता पिता सांगितलं, "पोराच्या खोलीत टीव्ही पायजे. पोरगी येतानाच घिऊन यील." म्हंजे मी आन् टीव्ही एकाच टेम्पोत. टीव्ही घेतला की तारीख काढायची, आसं ठरलं. मला कुणी इचारलं? न्हाय. नववीत मास्तर आण्णांच्या सहीला हसला, मी वही त्याच्या टेबलावर आपटून घरी आली ती परत गेली न्हाय. तवापासनं घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं, हिला काय इचारायचं. चादरींच्या कडा शिवती, शिवू दे.

आन् तो जोतीराम... बघाय आला तवा बशीतल्या चहावर फुंकर मारायच्या आधी त्यानं बापाकडं बघितलेलं. मी आतल्या दारातनं बघत हुती.

तर मी आसल्या डोसक्यानं त्या दुकानात उभी, आन् गुरप्पा सेटावर थापा मारत सांगतोय, जसा काय बैल इकतोय.

"ह्यो बगा मालक. वीस इंची. लाकडी पेटी. ह्ये शटर, वडलं की बंद, वर कुलूप. खाली चार पाय."

"पाय कशाला?" मी इचारलं. "पुण्याला चालत जाणार हाय का?"

त्याला हसू आलं. त्यानं ते गिळलं, पण गालात ऱ्हायलंच थोडं.

"ह्ये बटण आवाजाचं. ह्ये कटक कटक फिरतं त्ये चॅनलचं. ह्ये ब्राइटनेस, म्हंजे उजेड कमीजास्त. आन् ह्ये कॉन्ट्रास्ट."

"कॉन्ट्रास्ट म्हंजे?"

"म्हंजे काळं हाय ते आणखी काळं करायचं."

"आन् गोरं?"

"गोरं आणखी गोरं हुतं." मग आवाज बारीक करून, "पण काळंच झ्याक दिसतंय..."

ते सेटाकडं बघून बोलला न्हाय. मी काळी हाय. आण्णा तवा पेटीचं लाकूड ठोकून बघत हुते, त्येंना ऐकू गेलं न्हाय. माझी कानशिलं तापली. ह्याच्या तोंडात मारावी का काय करावं... काय सुचंना, म्हणून मी सेटाच्या मागं गेली आन् वाकून बघितलं. तितं फिरवायच्या बारक्या बारक्या किल्ल्या.

"ह्या कसल्या?"

"त्या व्हय... ते मेकॅनिकचं काम असतंय."

"म्हंजे तुमाला म्हाईत न्हाय."

"म्हाईत हाय की."

"मग सांगा."

गुरप्पानं डोकं खाजवलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गादीवरनं तिप्पण्णा शेठ वरडला, "गिऱ्हाईकाला नीट सांग बे." त्यानं पुस्तिका काढली, उलटी धरली, सुलटी केली. समदी इंग्रजीत.

आण्णांचं तोंड बारीक झालं. "मग आज ऱ्हाऊ द्या," ते म्हणले. "इकणाऱ्यालाच ठावं न्हाय, आमी काय घ्यायचं. परत यितो."

आमी निघालो. चौकात आलो तवा माझ्या डोसक्यात उजेड पडला. आज टीव्ही न्हाय, म्हंजे आज तारीखबी न्हाय.

मग काय. आण्णांची सुट्टी आली की मी तयार. दर खेपंला एक प्रश्न घिऊन जायची. पिक्चर ट्यूब, म्हंजे त्यातली काचंची नळी फुटली, तर कोण भरून देणार? लाईट मंद झाली की चित्र आकसतं म्हणं, मग स्टॅबिलायझर संगं देणार का आमीच घ्यायचा? किती लांब बसून बघायचं? पोस्टातलं लायसन कुणाच्या नावावर, बापाच्या का जावयाच्या? ह्या शेवटच्या प्रश्नावर तर आण्णा आन् तिप्पण्णा शेठ दोघं दुपारभर वाद घालत बसले. मी स्टुलावर. गुरप्पा फडकं घिऊन काच पुसतोय. आदीच पुसलेली काच.

सेट बंद आसला की त्याची काच काळी मिचकूट आसती, आन् फुगीर. त्यात आमी दोघं दिसत हुतो. तो पुढं, मी मागं, दोघांचीबी डोसकी मोठी आन् पाय बारके. मी त्यात बघत हुती... आन् बघितलं तर तोबी त्यातच बघत हुता.

"तुमाला टीव्ही नकोच हाय," तो काचेला म्हणला.

मी स्टूल जरा मागं सरकवलं.

"व्हय का न्हाय?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला काय न्हाय. पण लायसनचं आज संपलं. पुढच्या खेपंला इचारा, ह्यो सेट वॉल्व्हचा हाय का ट्रान्झिस्टरचा. वॉल्व्ह लई तापत्यात. शेठ सगळं सांगत बसंल, तुमचे आण्णा भितील आन् घरी जाऊन इचार करतील."

मी त्याच्याकडं बघितलं. काचंत न्हाय, सरळ. डोळ्याखाली बारका तीळ हुता, तो तवा दिसला.

"ह्यात तुमचा काय फायदा?"

"तुमी परत याल की."

"मी टीव्ही बघाय येती."

"मग, मीबी टीव्हीचंच म्हणतोय."

मी ताडकन उठली आन् आण्णांना म्हणलं, चला घरी. सगळ्या रस्त्यानं मला त्याचा राग येत हुता. रात्री चादर शिवताना सुई बोटात गेली तवाबी त्याचाच राग आला. आन् पुढच्या सुट्टीला मी आंघोळ करून, वेणी घालून, आण्णांच्या आदी दारात उभी. आय म्हणली, "टीव्ही बघाय चाललीस का टीव्हीत बसाय?" मी तिच्यावरबी खेकसली.

वॉल्व्हचं इचारलं. सगळं तो म्हणला तसंच झालं.

पण माढ्याहून निरोप आला. आबासाहेब सोताच येणार, पोराला घिऊन. चालू टीव्ही डोळ्यानं बघणार, मगच सुपारी फोडणार. आण्णा माझ्यावर खवळले. "किती नावं ठिवशील गं एका खोक्याला? तुझ्या नादानं सोयरीक जाईल." आन् मला न इचारता, न नेता, एकटेच जाऊन सेट सांगून आले.

हातगाडीवर घालून सेट घिऊन कोण आलं? गुरप्पा. तो बोळात शिरताना मी पाण्याला निघालेली.

"आणलासा?" मी म्हणलं.

"काय करू... नोकरी हाय."

"व्हय की. पुसाय ठेवलंय न्हवं तुमाला."

त्यानं मान खाली घातली आन् गाडी वडली. मला वाटलं आता बोलंल, आता बोलंल. दारापतुर नुसता चाकाचा आवाज.

आमी ऱ्हायला बाळीवेसंत. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रंत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघत्यात, त्या उंच काठ्या कमरंच्या पट्ट्यात रोवून गावभर नेणारी पोरं आमच्याच गल्लीतली. टीव्हीची ॲन्टेना उंच बांबूवर चढवायची म्हणल्यावर समदी धावली. पट्टे बांधले, कासरे ताणले. बांबू माळवदावर उभा राहताना कुणीतरी सवयीनं "हर्र बोला" म्हणलं आन् गल्ली हसली. गुरप्पा वर, बांबूला मिठी मारून. खाली पाव्हणं बसलेलं. आबासाहेब सतरंजीच्या मधोमध, फेट्याला हात लावत. जोतीराम त्येंच्या बाजूला, नव्या बुटाकडं बघत. तिप्पण्णा शेठ सेटापाशी. संध्याकाळची टीव्ही सुरू व्हायची येळ झाली.

आदी ॲन्टेना पुण्याकडं केली, म्हंजे स्टेशनाच्या अंगाला. काचेवर नुसत्या मुंग्या. कढईत कायतरी तळल्यागत आवाज. मधीच एक माणूस दिसल्यासारखा व्हायचा आन् मुंग्यात बुडायचा.

आबासाहेब म्हणले, "आमच्या पोरानं ह्या मुंग्या बघायच्या व्हय?"

तिप्पण्णा शेठला घाम फुटला. वर तोंड करून वरडला, "गुरप्पा, फिरव. गुलबर्ग्याकडं फिरव."

पोरांनी कासरे ढिले केले, बांबू फिरला, तोंड अक्कलकोट नाक्याकडं झालं. आन् चित्र आलं. आसं आलं की गल्लीनं टाळ्या वाजवल्या. एक बाई, ठसठशीत कुंकू, म्हशीच्या पाठीवर हात ठिवून बोलतीया. म्हशीची शिंगंसुदिक साफ. पण बाई कानडी बोलत हुती. गुलबर्ग्याचं केंद्र जवळ, त्येचं चित्र धडधडीत यायचं, पण समदं कानडीत.

आबासाहेब उठून उभे ऱ्हायले. "ही काय भाषा?"

"कानडी हाय मालक," शेठ म्हणला. "त्याचं काय हाय..."

"म्हंजे कानडी सेट आमच्या गळ्यात मारताय? आमी मराठी माणसं. पिंपरीत समद्यांच्यात मराठी टीव्ही आन् माझ्या पोराच्या खोलीत ह्यो कानडी बोलणार व्हय?"

"तसं नसतंय वो पाव्हणं..."

पण आता आण्णाबी उठले. "शेठ, तुमी कानडी म्हणून आमाला कानडी सेट दिला? वॉल्व्हचं सांगितलं, लायसनचं सांगितलं, आन् ह्येच सांगाय इसरला?"

शेठनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा आबासाहेब त्याच्यावर वरडले. मग त्यानं हात जोडले. धंदेवाला माणूस त्यो. "चुकलं मालक. उद्या बदलून देतो. मराठी सेट आणतो."

"उद्या मराठी सेट यील पाव्हणं," आण्णा म्हणले. "बसा तुमी. सुपारी उद्या फोडू."

मी दाराला टेकून बघत हुती. जोतीराम पिंपरीत ऱ्हातो, शेजारच्यांच्यात जाऊन टीव्ही बघतो, हे त्येच्याच बापानं सांगितलेलं. त्येला म्हाईत हुतं सेट कानडी नसतो म्हणून. त्याच्या तोंडावरनं कळत हुतं की. पण नजर बुटावरची हलंना. मग मी वर बघितलं. गुरप्पा माळवदाच्या कडंला, कासरा हाताला गुंडाळून, खाली वाकलेला. माझ्याकडं बघत हुता. त्यालाबी म्हाईत. आन् तोबी गप. डोळ्यानं सांगत हुता... गप बस, आणखी चार दिवस निघतील.

चार दिवस. मग मराठी सेट. मग त्याला मी कायतरी नाव ठेवायचं. मग आणखी एक. मांडव पडंपतुर मी आशी बटणं मोजत बसायची, आन् ज्येंना खरं म्हाईत हाय ते दोघं एक बुटाकडं बघणार, एक माळवदावरनं डोळे करणार. माझ्या डोसक्यात आसं कायतरी तडकलं की मला माझाच आवाज वळखू आला न्हाय.

"सेटाला भाषा नसती," मी म्हणलं.

समदे वळले.

"आबासाहेब, वरचा बांबू जिकडं तोंड करील तिकडचं खाली दिसतं. गुलबर्ग्याकडं केला म्हणून कानडी. पिंपरीला न्या, मराठी बोलंल. तुमच्या पोराला म्हाईत हाय. इचारा त्येला."

आबासाहेबांनी मान वळवली. "व्हय का रं?"

"व्हय आबा," जोतीराम म्हणला.

"मग मघापासनं का बोलंना झालास?"

"तुमी... बोलत हुता न्हवं."

मागं कोणतरी खुदकलं. आण्णा माझ्याकडं आले. "गोजरे, आत जा."

"न्हाय जाणार. आण्णा, सेट चांगला हाय. मागच्या किल्ल्यांपासनं समदं बघितलंय मी. मला त्येंच्यात जायचं न्हाय म्हणून नावं ठेवत हुती. टीव्ही त्येंना देऊन टाका पायजे तर. टेम्पोत तो एकटा जाऊ दे. मी न्हाय जाणार."

आण्णांचा हात वर गेला. मी हलली न्हाय. आय चहाचं ताट घिऊन आतनं आली आन् सरळ आमच्या दोघांच्या मधी उभी ऱ्हायली. "चहा गार हुतोय," ती म्हणली. आण्णांचा हात तसाच ऱ्हायला, मग खाली आला.

आबासाहेबांनी चहा घेतला न्हाय. धोतराचा सोगा धरून निघाले. आण्णा त्येंच्या मागं, "आवो पाव्हणं, पोर हाय, डोसकं गरम हाय तिचं" करत. त्येंच्या मागं शेठ, आन् गंमत बघाय समदी गल्ली. जोतीराम शेवटी. दारात थांबला, आन् माझ्याकडं न बघता म्हणला, "बरं केलंत."

"मग तुमीबी बोला की कवातरी," मी म्हणलं. तो गेला.

घरात आय, मी आन् ती म्हैस. गुरप्पा शिडीवरनं उतरला. कासऱ्यानं तळहात सोललेले, लाल. दारात उभा ऱ्हायला, आत यावं का जावं ते त्याला कळंना.

"गप का बसलास?" मी म्हणलं. तुमी-बिमी गेलं उडत.

"मला वाटलं तुला चार दिवस मिळतील..."

"चार दिवस मागितले का मी? त्यो बुटाकडं बघत हुता, तू माझ्याकडं बघत हुतास. दोघांत फरक काय सांग."

तोंड उतरलं त्याचं. उतरू दे, मला अजून बोलायचं हुतं, पण आय मधीच सतरंजीवर बसली. सकाळपासनं राबलेली. तिनं पाय लांब केले आन् काचेकडं बोट दाखवलं.

"काय म्हणती रं ही बाई? तुला येती न्हवं कानडी?"

गुरप्पा उंबऱ्यावर बसला. जरा ऐकलं. "म्हणती... म्हशीला पेंड भिजवून घाला."

"आन्?"

"आन् म्हणती..." आता तो काचेकडं बघत नव्हता. "म्हणती, सोलापुरात एक पोरगी हाय. लई रागीट. दुकानात आली की पंखा चालू आसून घाम फुटतो. न्हाय आली की दिवसभर काच पुसली तरी दिवस सरत न्हाय."

आयनं त्याच्याकडं बघितलं, मग म्हशीकडं. "हे ती म्हशीला सांगती व्हय?"

"खोटं सांगतोय त्यो, आये," मी म्हणलं. "परत दुसऱ्याच्या आडून. तोंड हाय न्हवं तुला? ती बाई पेंडीचं बोलू दे. तुझं तू सांग. मराठीत सांग."

"तुझे आण्णा तंगडं मोडतील माझं."

"मोडू देत. तोंड तर ऱ्हाईल."

आय गुडघ्यावर हात ठिवून उठली. सेटापाशी गेली. कुठलं बटण कशाचं तिला काय म्हाईत. एक फिरवलं, बाई काळी ठिक्कर झाली. दुसरं फिरवलं, म्हैस पांढरी झाली. मग आवाजाचं सापडलं. तिनं ते पार बंद केलं. बाईचे नुसते ओठ हलत ऱ्हायले.

"हं," आय म्हणली, आन् आमच्याकडं पाठ करून परत बसली. "हिचा बाप यायच्या आत बोल."

गुरप्पानं सोललेले हात मांडीवर पुसले. कान लाल झाले त्याचे. तो उठून उभा ऱ्हायला, मास्तरापुढं उभा राहतात तसा, आन् मराठीत बोलला.